नाव नाही टाकलं, पण गाव टाकलं

परवा संध्याकाळी आपल्या तालुक्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला एक माणूस गावी परत आलाय, पार वाळलाय, रात्रंदिवस खोकतोय, त्याला "तो" आजार आहे, सर्वांनी जपून राहावे. खाली त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि लपूनछपून काढलेला फोटो. ग्रुपमध्ये आपण दोनशेच्या वर लोक. अर्ध्या तासात घाबरलेल्या चेहऱ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. तपासणी झाली का, कुणी केली, आणि तिचा निकाल तुझ्यापर्यंत कसा आला, हे एकानेही विचारलं नाही.

ॲडमिनला फोन करून मेसेज काढायला लावला. त्याने काढला. तोवर तो आणखी कुठे कुठे गेला असेल, देव जाणे. या प्रकारावर चांगलं झणझणीत लिहायचं म्हणून बसलो आणि दोन ओळींतच हात थांबला. कारण हेच मी स्वतः केलंय. तेही मोबाइलवर नाही, छापून.

२००३ सालची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावी परतलो होतो, एका दैनिकाचं तालुक्याचं काम नवीनच मिळालं होतं. बातमी फॅक्सने पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने येणाऱ्या गठ्ठ्यात ती लागली का ते बघायचं, असा तो काळ. एका गावात एक माणूस वारला. ट्रकवर ड्रायव्हर होता. गावात विचारलं तर एक म्हातारा कानाजवळ येऊन म्हणाला, "त्याले थे होतं म्हनतेत, भाऊ." मी बातमी केली. पाच ओळींची. अमुक गावच्या ट्रकचालकाचा एड्सने मृत्यू, परिसरात भीती. नाव टाकलं नाही, याचा तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला होता. डिप्लोमात शिकवलं होतं ना, ओळख उघड करू नये.

गाव सव्वादोनशे उंबऱ्यांचं. त्यात ट्रकवर जाणारा एकच.

त्याच्या बायकोला त्या हंगामात रोवणीला कुणी बोलावलं नाही. हापशीवर ती आली की बाकीच्या बाया गुंड उचलून बाजूला व्हायच्या. किराणावाला पैसे हातात घेत नव्हता, पाटीवर ठेवायला सांगायचा. पोराला घेऊन ती माहेरी निघाली तेव्हा बसस्टँडवर समोरासमोर गाठ पडली. मी सांगायला गेलो की बाई, मी नाव टाकलं नव्हतं. ती म्हणाली, "नाव नाई टाकलं, भाऊ. गाव त टाकलंच ना."

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलली.

त्या बातमीत आणखी एक चूक होती आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली. तो माणूस टीबीने गेला होता. एड्स नावाचा कुठला जंतू नाही, आणि एड्स थेट माणूस मारत नाही. मग तो करतो काय? हे नीट समजल्याशिवाय हापशीवरच्या बायांची भीती किती फोल होती ते कळणार नाही, म्हणून आधी तेच सांगतो. डॉक्टर मंडळींनी चुकलं तर हक्काने टोकावं.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काहींना सीडी-४ पेशी म्हणतात. ही पेशी म्हणजे गावचा पोलीस पाटील समजा. तो स्वतः काठी घेऊन फारसा मारामारी करत नाही. पण गावात अनोळखी माणूस शिरला तर ओळखायचं, ठाण्याला कळवायचं, लोक जमवायचे, कुणाच्या मागे लागायचं ते सांगायचं, हे सगळं त्याचं काम. शरीरात टीबीचा जंतू शिरो की बुरशी, बाकीच्या लढणाऱ्या पेशींना आवाज देणारी पेशी हीच.

एचआयव्ही नेमका याच पोलीस पाटलाच्या घरात शिरतो. बाकी बहुतेक जंतू लपून राहतात, हा सरळ चौकीतच मुक्काम टाकतो. शिरल्यावर तो स्वतःची नक्कल पेशीच्या डीएनएत घालतो, म्हणजे घराच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवून घेतो. आता घर कायद्याने त्याचं. त्या पेशीच्याच सामानातून तो आपल्यासारखे आणखी विषाणू तयार करून घेतो, ते बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात, आणि मूळ पेशी मरते. काही पेशी मात्र सातबाऱ्यावर नाव चढूनही गप्प बसून राहतात, वर्षानुवर्षं. औषधाने विषाणूचं वाढणं थांबतं, पण त्या गप्प पेशींमधली नोंद खोडता येत नाही. एचआयव्ही अजून मुळापासून बरा होत नाही, तो यामुळे.

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, अंग दुखतं, घसा धरतो, पुरळ येतं. आपल्याकडे असा ताप म्हणजे हवा बदलली, नाहीतर मलेरिया. गोळी घेतली, उतरला. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. माणूस नांगर धरतो, ट्रक चालवतो, लग्न करतो, बाळंतपण होतं. आत मात्र रोज थोडे थोडे पोलीस पाटील कमी होत असतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण पाचशे ते पंधराशे असतात. औषध नसेल तर सरासरी आठ-दहा वर्षांत आकडा दोनशेच्या खाली येतो. त्या अवस्थेला एड्स म्हणायचं. म्हणजे एचआयव्ही हा विषाणू, आणि एड्स ही त्याने शेवटी आणलेली अवस्था. माझ्यासारखे बातमीदार दोन्ही एकच समजून पंधरा वर्षं लिहीत होते.

मग इतके दिवस दाराबाहेर थांबलेले सगळे आत येतात. नागीण पुन्हा पुन्हा उठते, तोंडात पांढरा थर जमतो, जुलाब थांबत नाहीत, वजन झडतं. एका विशिष्ट बुरशीमुळे मेंदूभोवतीच्या पडद्याला सूज येते, डोक्यात घण घातल्यासारखं होतं. फार खाली गेलं तर डोळ्याचा पडदा जातो. आणि आपल्या देशात सगळ्यांत आधी हजर होतो तो टीबी. आपल्यापैकी पुष्कळांच्या छातीत टीबीचा जंतू निजलेला असतो. निरोगी माणसात तो जागा होण्याची शक्यता सगळ्या आयुष्यात मिळून शंभरात पाच-दहा. एचआयव्ही असेल आणि औषध नसेल तर ती शक्यता दर वर्षी तेवढी. तो ड्रायव्हर असा गेला.

उलटं मात्र धरू नका. टीबी झालेल्या शंभर माणसांतल्या फार थोड्यांना एचआयव्ही असतो. वाळलेला, खोकणारा माणूस बघून निदान करणारे जे डॉक्टर आपल्या ग्रुपमध्ये बसलेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि तो विषाणू पसरतो कसा? असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून. बस. शरीराबाहेर तो दुबळा आहे. हापशीच्या दांड्यावर, किराणाच्या नोटेवर, शाळेच्या बाकावर, डासाच्या पोटात तो तुमचं काही करू शकत नाही.

कुणी म्हणेल, आता कळलं हो, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? ही पळवाट मीही खूप वर्षं वापरली. म्हणून जरा इतिहास चाळू.

अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद छापली गेली जून १९८१ मध्ये. विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. रक्ताची चाचणी बाजारात आली १९८५ मध्ये. तो कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे तोवर डॉक्टरांना बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं. भारतात तेव्हा सरकारी आणि बिनसरकारी दोन्ही मत एकच होतं: हा पाश्चात्यांचा रोग, आपल्याकडे कुठला?

ते मत मोडणारी बाई आपल्या भाषेतली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनी निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय दिला. निर्मलाबाईंनी सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने हातमोज्यांशिवाय गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या डब्यात घालून नवऱ्यासोबत रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यंत्र होतं. सहा नमुने पिवळे पडले. भारतातला एचआयव्हीचा पहिला पुरावा तो.

शास्त्राच्या दृष्टीने मोठं काम. पण त्या बायांचं काय? रक्त कशासाठी घेतलं ते त्यांना सांगितलंच नव्हतं. पुढे तमिळनाडूत एचआयव्ही असलेल्या अशा स्त्रियांना, डांबून ठेवण्याची मुदत संपली तरी सोडेनात. त्यांच्यासाठी मद्रास हायकोर्टात जनहित याचिका टाकली ती श्यामला नटराज या पत्रकार बाईंनी, आणि १९९० मध्ये त्या सुटल्या. एक बातमीदार काय करू शकतो याचं हे उदाहरण मला जरा उशिरा सापडलं.

आता गोव्याकडे येतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त बोचणारं प्रकरण तिथलं आहे.

डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण. जागतिक वन्यजीव निधीच्या गोव्यातल्या कामात होता. नियमित रक्तदान करायचा. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन म्हापशाच्या इस्पितळात गेले. का, ते कुणी सांगेना. तिथल्या रजिस्टरमध्ये त्याला स्वतःचं नाव दिसलं आणि पुढे लिहिलेला शब्द दिसला: एड्स. आपल्याला काय झालंय हे त्या माणसाला असं कळलं. त्याने दान केलेल्या रक्तात विषाणू आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दोनच वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली होती, एचआयव्ही असलेल्याला वेगळं ठेवायची. त्या आधारावर त्याला एका बंद पडलेल्या टीबी सॅनिटोरियममध्ये नेऊन कोंडलं. बाहेर पोलीस. एकूण ६४ दिवस.

शरीराचं जे वर सांगितलं ते आठवून बघा. ज्याची प्रतिकारशक्ती जपायची तो माणूस, आणि कोंडायला जागा निवडली टीबीची! यात शास्त्र कुठे होतं? १९८९ मध्ये कोणत्याही मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्याने सांगितलं असतं की हा आजार सोबत बसल्याने होत नाही. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, ही पळवाट म्हापशातच बंद होते. ठाऊक होतं. तरीही केलं.

त्याची आई लुसी डिसूझा मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठात गेली. मित्र रस्त्यावर उतरले. कोर्टाच्या अंतरिम आदेशाने तो सुटला. कायदा मात्र कोर्टाने रद्द केला नाही, सरकारचा वेगळं ठेवण्याचा अधिकार मान्यच केला. सरकारनेच पुढे सक्तीची भाषा सैल केली. बाहेर आल्यावर डॉमिनिकला पूर्वीचं आयुष्य परत मिळालं नाही. १९९२ मध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या आयुष्यावरून २००५ मध्ये 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी सिनेमा आला. टीव्हीवर लागला तर बघा. कोर्टाची लढाई हरून गावाला शिकवून जाणारी माणसं असतात, तो त्यातला.

आपल्याकडे, पलीकडच्या गडचिरोलीत, त्याच १९८९ च्या जानेवारीत एक अहवाल छापून आला, तो वेगळ्या विषयावर होता, पण मला तो याच गोष्टीचा भाग वाटतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. लंडनच्या लॅन्सेटने ती छापली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८. बाकीच्या अंगावर पांढरं जातंय, दुखतंय, म्हणून गप्प. सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर नाव कुणाचं जाणार?

याचा एचआयव्हीशी संबंध असा, की अशा जखमा आणि सूज असली की विषाणूला आत शिरायला वाट मिळते. त्याहून मोठा संबंध गप्प बसण्याचा. ज्या मुलखात बाई स्वतःचं दुखणं नवऱ्यालाही सांगत नाही, तिथे एचआयव्हीची चाचणी करायला ती आपणहून येईल, अशी अपेक्षा कुणी धरली असेल तर तो शहरातला असावा.

रक्ताचं एक सांगून पुढे जातो, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलची पोरं घरोघरी आहेत आणि त्यांना रक्त चढवावं लागतं. पूर्वी देशात पैसे घेऊन रक्त विकणारे लोक होते, त्यांच्यातून हा विषाणू पसरायचा. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची तपासणी होते. रक्तदान करताना सुई नवीन असते, तेव्हा रक्त देऊन हा आजार होत नाही. शिबिराला न येणाऱ्यांनी दुसरं कारण शोधावं.

आता १९९७ मधला मुंबई हायकोर्टाचा एक निकाल. एक रोजंदारी कामगार एका सरकारी उपक्रमात वर्षानुवर्षं राबत होता. कायम करायची वेळ आली, वैद्यकीय तपासणी झाली, एचआयव्ही निघाला. तब्येत ठणठणीत, कामाला पूर्ण सक्षम, तरी काढून टाकलं. तो कोर्टात गेला. डॉमिनिकचीही बाजू लढलेले आनंद ग्रोव्हर आणि लॉयर्स कलेक्टिव्ह त्याच्या मागे होते. कोर्टाने सांगितलं: माणूस काम करू शकतो आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची भाकरी काढता येणार नाही. त्याला कामावर घ्या आणि चाळीस हजार रुपये भरपाई द्या.

या निकालाचं नाव बघा. कामगार 'एमएक्स', कंपनी 'झेडवाय'. नाव झाकून लढायची परवानगी कोर्टाने दिली. कारण नाव उघड झालं तर कोर्टात जिंकून माणूस चाळीत हरतो, हे न्यायाधीशांना कळलं होतं. हा निकाल आला १९९७ मध्ये. मी माझी पाच ओळींची बातमी लिहिली सहा वर्षांनी. मुंबईच्या कोर्टाने शिकवलेलं सिंदेवाहीपर्यंत यायला इतका वेळ लागला, की मीच वाचलं नव्हतं? दुसरं खरं आहे.

औषधाची गोष्ट तर जिवाला जास्त लागणारी आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत निघाली. एकच औषध दिलं तर विषाणू रूप बदलून निसटतो, तीन बाजूंनी धरला की त्याला हलता येत नाही. मरणपंथाला लागलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. पण किंमत? वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत गावंच्या गावं ओस पडत होती आणि औषध कपाटात.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की हीच तीन औषधं आम्ही सीमाविरहित डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरही नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे हे जमलं. तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. जगभर औषधाचे भाव कोसळले आणि लाखो माणसं वाचली. महाराष्ट्रातल्या कारखानदारीने जगाला दिलेलं याहून मोठं काही मला माहीत नाही.

पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. आपल्याकडच्या दोन एकर धानवाल्याने कुठून आणायचे? सरकारने मोफत औषध सुरू केलं १ एप्रिल २००४ ला. तेही सुरुवातीला देशात आठच ठिकाणी. महाराष्ट्रातलं ठिकाण मुंबईचं जे. जे. रुग्णालय.

माझा ड्रायव्हर २००३ च्या पावसाळ्यात गेला. वर्षही नव्हतं राहिलं.

आज चित्र बदललंय. पूर्वी सीडी-४ चा आकडा खाली येईपर्यंत थांबायला लावायचे. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध. पूर्वी गोळ्यांची मूठ होती, आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती रोज घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही. असा विषाणू टिकून दबलेला असेल तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे हजारो वेळा तपासून सिद्ध झालंय. गरोदरपणात औषध घेतलेल्या आईचं बाळ बहुतेक वेळा बिनविषाणूचं जन्मतं. वेळेत गोळी सुरू केलेला माणूस जवळजवळ इतरांइतकाच जगतो. गोळी सोडली तर मात्र सातबाऱ्यावरची ती नोंद जागी होते. म्हणून हंगामाला बाहेर जाताना डबा सोबत हवा, आणि जाण्याआधी केंद्रात सांगून जास्तीच्या गोळ्या मागून घ्याव्यात.

देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसोबत जगताहेत. राज्यांत आकडा सर्वांत मोठा महाराष्ट्राचा, चार लाखांच्या थोडा आत. म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीत कुणीतरी असणारच. तुम्हाला ते माहीत नाही, याचा अर्थ त्यांना तुमची भीती वाटते.

भीती वाटावी असं आपण वागतोही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या अनाथ मुलांसाठी सेवालय काढलं. पूर्वी तेही आमच्याच पत्रकारितेतले. २००९ मध्ये ती मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली तर बाकीच्या पालकांनी आपली पोरं काढून घेतली. शाळेच्या बाकावरून एचआयव्ही होत नाही हे जगाला कळून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. बापटले हटले नाहीत. त्या मुलांसाठी त्यांनी पुढे वसवलेल्या वस्तीचं नाव हॅपी इंडियन व्हिलेज. आद्याक्षरं जुळवून बघा.

कायदाही आता आहे. २०१७ मध्ये संसदेने केला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाचा निकाल तिसऱ्याला सांगायचा नाही, नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली यात भेदभाव नाही. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर छापला, बोलला किंवा पसरवला तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्या मित्रांनी हे वाचून ठेवावं. धमकी म्हणून नाही. बरं, थोडी धमकी म्हणूनही.

परवाच्या त्या माणसाचं सांगतो. त्याला काय झालंय मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. कदाचित टीबी असेल, कदाचित साखर असेल, कदाचित चार महिने मिरचीच्या खाटात आणि अर्ध्या पोटी काम केल्याने असं झालं असेल. एचआयव्हीही असू शकेल. चारही गोष्टींवर औषध आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, समुपदेशक बंद खोलीत बोलतात, आणि एचआयव्ही आहे असं सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी कोरी येऊ शकते, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा करायची. ज्यांना तोंडाने विचारायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी १०९७ हा फुकट नंबर आहे, तिथे नाव विचारत नाहीत.

पण तो दवाखान्यात जाईल का? दवाखान्यात जाताना कुणी बघेल, आणि त्याचा फोटो तर आधीच दोनशे फोनांत पडलाय.

त्या बाईंचं विचाराल. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्याच्या आवारात भेटल्या. त्यांनीच आवाज दिला, "वळखलं का, भाऊ?" अंगाने भरलेल्या, डोक्याचे केस पिकलेले. पोरगा निरोगी आहे, कामाला लागलाय म्हणाल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या आता." मग हातातली पिशवी सावरत बसच्या वेळेची चौकशी करू लागल्या. आम्ही चहा घेतला. पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

कुठल्या गावी राहतात, काय करतात, ते लिहिणार नाही. ड्रायव्हरचं गाव कुठलं असेल याचा अंदाज कृपया कमेंटमध्ये बांधू नका. उंबऱ्यांचा आकडाही मी मुद्दाम बदललाय. परवाच्या मेसेजमधलं नाव कुणी इथे लिहिलं तर कमेंट उडवीन, मग तो कितीही जवळचा मित्र असो.